घारीचा घास

सेक्टर १०, भिलाई
१८ जानेवारी

वसू,

आधी दंडवत घे, मग राग. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, ते कट करता येत नाही. फार तर फाडता येतं. पण तू लहानपणापासून भोचक, आत काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय तुझ्याच्याने फाडवणार नाही.

तीन वर्षं झाली. त्या दिवशी माझ्या तोंडून दोन शब्द जास्तीचे गेले आणि तू उर्वीला घेऊन दुपारच्याच गाडीने तुमसरला निघून गेलीस. त्यावर आज लिहायचं नाही. आज मला एका घारीबद्दल लिहायचं आहे. सांगायला इथे माणसं नाहीत असं नाही, पण तुला सांगितल्याशिवाय कुठलीही गोष्ट मला पुरती घडल्यासारखी वाटत नाही. लहानपणी वाटत नव्हती, आता साठी उलटली तरी वाटत नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. कडुलिंबाच्या शेंड्यावर काहीतरी फडफडत होतं. मला वाटलं, कोणाचा पतंग अडकला असेल. मग तो पतंग ओरडला. मांज्याने एक पंख आवळला गेला होता आणि घार उलटी लोंबकळत होती.

शेजारचा केवलराम टाउनशिपच्या बिजलीखात्यात आहे, तो शिडी घेऊन धावत आला. तुझे भाऊजी खाली उभे राहिले. यांनी रोलिंग मिलमध्ये चौतीस वर्षं क्रेन चालवली, हे तुला माहीतच आहे. वर केबिनमध्ये बसायचं, खालचा माणूस हाताने इशारे करील तसा हूक वर-खाली घ्यायचा. आता पहिल्यांदाच हे खाली आणि दुसरा वर. काय मिजास! अंगठा वर, तळवा खाली, मूठ बंद म्हणजे जागच्या जागी थांब. केवलरामला त्यातलं एक अक्षर कळेना. "भैया, मुँह ले बोल ना!" तो वरून ओरडला. तरी हे काही बोलेनात, मूठ आवळून उभे. मी म्हटलं, अहो, ती घार आहे, स्टीलचं कॉइल नाही.

शेवटी केवलरामने मांजा कापला, घारीला गमछ्यात गुंडाळलं आणि बादलीत ठेवून दोरीने खाली सोडलं. खाली येताच तिने यांच्या अंगठ्याचं कातडं काढलं. वर दाखवला होता तोच अंगठा, हे मी अजून दिवसातून दोनदा यांना सांगते.

दुर्गच्या डॉक्टर मिताली म्हणून आहेत, जनावरांच्या. त्या वनविभागाच्या माणसाला घेऊनच आल्या. रीतसर नोंद झाली. पंखाच्या पातळ कातड्याला सहा टाके पडले, हाड मात्र शाबूत आहे. दवाखान्यात कुत्र्यांचा गोंगाट, तिथे ही घाबरून मरेल, म्हणून महिनाभर आमच्याकडेच ठेवायचं ठरलं. जानेवारीत कूलर रिकामाच असतो. यांनी त्याची मोटर काढली, पंखा काढला, तीन बाजूंच्या खसच्या पट्ट्या काढून तिथे जाळी ठोकली. मागच्या व्हरांड्यात आता घार कूलरमध्ये राहते.

डॉक्टरीणबाईंनी खाण्यापिण्याचं सगळं समजावून सांगितलं. मी हो हो म्हटलं.

उर्वी कशी आहे? अंगावर मांस चढलं का? एवढं तरी कळव.

तुझी ताई


सेक्टर १०, भिलाई
२१ जानेवारी

वसू,

पहिलं पत्र अजून पोचलंही नसेल, तरी दुसरं लिहायला बसले. रिकामटेकडी झाले आहे असं समज.

तुझ्या भाऊजींनी घारीचं नाव जीएम साहेब ठेवलं आहे. का विचारलं तर म्हणाले, "दिसत नाही काय? मान वाकडी करून सगळ्याइले पाहते, कोनाचंच काम पसंत नाही, अन् जवळ गेलं का अंगावर येते." रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण साहेबांवरचा राग काही रिटायर झाला नाही. रोज सकाळी कूलरसमोर उभे राहून म्हणतात, "गुड मॉर्निंग साहेब, रात पाळीत काही बिघाड नाही." घार चोच उघडते, हे खूश होतात.

जवळून पाहिली आहेस का कधी घार? आपण गावी फक्त खालून पाहिली, कोंबडीची पिल्लं झाकता झाकता. जवळून ती काळी नसतेच, वसू. पिकलेल्या चिंचेचा रंग असतो, प्रत्येक पिसाला कडेने फिकी रेघ. डोळा तपकिरी. त्या डोळ्याला डोळा दिला की आपणच काहीतरी चोरलं आहे असं वाटतं.

खाते का, असं विचारशील. खाते. म्हणजे समोर ठेवलेलं संध्याकाळपर्यंत संपतं. डॉक्टरीणबाईंचा रोज फोन येतो, "आजी, खाते ना?" मी म्हणते, खाते. दूध घेत नाही. पनीर चोचीत धरून खाली टाकते. सोयाबीनची बडी भिजवून, कुस्करून दिली. काल शेंगदाणे भिजवून वाटून त्याचे लाडू केले, थोडा गूळ घालून, अंगात ताकद यावी म्हणून. केवलराम ते पाहून हसायला लागला. "दीदी, चील हर पनीर नइ खावय." मी म्हटलं, तू तुझी बिजली बघ.

आपल्या घरात काय येतं आणि काय येत नाही, हे तुला सांगायला नको. बाबांनी महानुभावांचा उपदेश घेतला तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि मी दहाची. आईने त्या दिवशी सगळी भांडी राखेने तीनदा घासली होती. तेव्हापासून आजवर माझ्या उंबऱ्याच्या आत तसलं काही आलं नाही. हे म्हणाले, मी बाहेरून आणतो, अंगणातच ठेवतो, तू पाहूही नको. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते क्लबमध्ये कॅरम खेळायला निघून गेले. जाता जाता दारातून म्हणाले, "तिले काय उपदेश देऊन राहिली का तू?"

बाकी सगळं छान चाललं आहे. घार आज जरा शांत आहे. अंगावर येत नाही. माणसाळली असावी.

तुझी ताई


सेक्टर १०, भिलाई
२४ जानेवारी

वसू,

माणसाळली नव्हती. मरायला टेकली होती.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. समोर ठेवलेलं संपत होतं ते खारी संपवत होत्या. जाळीच्या फटीतून आत जायच्या, पनीर घेऊन बाहेर. मी दोनदा पाहिलं आणि दोनदा मान वळवली. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कच्चं मांस, बारीक तुकडे, हाडासकट, दिवसातून दोनदा. मी हो म्हणाले होते आणि मनात ठरवलं होतं की माझ्या घरात ही माझ्यासारखी राहील.

काल त्या टाके बघायला आल्या. घारीला फडक्यात धरून माझ्याच स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. पहिल्या दिवशी सातशे वीस ग्रॅम होती. काल पाचशे चाळीस. छातीचं हाड बोटाला लागत होतं. त्यांनी कूलरच्या तळाशी वाळलेली सोयाबीनची बडी पाहिली, उचलली आणि माझ्यासमोर धरली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "आजी, ही आजारी नाही. ही उपाशी आहे. टाके तर चांगले भरून राहिले. तुम्ही तिले उपाशी मारून राहिल्या."

तुझे भाऊजी मागे उभे होते. मी पायात चपला घातल्या आणि पिशवी घेऊन निघाले.

बाजारात गोलूचं चिकनचं दुकान आहे. नाव गोलू, वय पन्नास, मिशा दोन्ही कानांपर्यंत. मी डोक्यावरून पदर ओढून कोपऱ्यात उभी राहिले. तीन गिऱ्हाइकं आली आणि गेली, मी तिथेच. शेवटी तोच म्हणाला, "माताजी, पनीर बाजू की दुकान में मिलता है." पस्तीस वर्षं या बाजारात येते, त्याला माझी पिशवीसुद्धा पाठ आहे. मी म्हटलं, "मले... कलेजी पायजे. चील के लिए." तो हसला नाही. मान आणि कलेजी वेगळी बांधून दिली, आणि छोटे तुकडे कसे करायचे ते स्वतः करून दाखवलं.

घरी आले. मागच्या अंगणात पाट घेतला, नाकाला पदर बांधला, नामस्मरण करत करत कापलं. चिमट्याने पहिला तुकडा पुढे धरला. आधी तिने तो पाहिलाच नाही, मान टाकून बसली होती. मी चोचीला लावला. मग तिला कळलं. घेतला, गिळला. दुसरा घेतला. चौथ्या तुकड्याला ती पायावर उभी राहिली आणि चोच उघडून माझ्याकडे ओरडली. वसू, मी तिथेच फरशीवर बसून रडले. इतका आनंद मला पोरांच्या लग्नातही झाला नव्हता, आणि लाजही इतकी कधी वाटली नव्हती.

आता ते लिहिते, जे लिहायचं नाही म्हणाले होते.

उर्वी तेव्हा चौदा वर्षांची. टीबीच्या गोळ्यांनी तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. वरण उलटून यायचं, दूध उलटून यायचं, माझे शेंगदाण्याचे लाडूही. इथल्या डॉक्टरांनी अंडं सांगितलं, आणि तेवढं एक ठरत होतं. तू जन्मात अंड्याला हात लावला नव्हतास. तुझ्या पोरीसाठी लावलास. मी उठायच्या आत, माझ्या दुधाच्या गंजात उकडून, रोज एक. आठ दिवस पोरीचं वजन वाढत होतं आणि मी सगळ्यांना सांगत होते की माझ्या लाडवांचा गुण आला. नवव्या दिवशी मी लवकर उठले.

दोन शब्द नव्हते ते. मी गंज उचलून रस्त्यावर फेकला आणि शेजारपाजारच्यांसमोर तुला म्हणाले, माझं घर बाटवायला आलीस. पोरगी आजारी आहे, एवढंही मनात आलं नाही. घर माझं आहे, एवढंच मनात होतं.

चुकलं माझं, वसू. चुकलं हा शब्द लहान आहे, पण तोच खरा आहे.

ताई


सेक्टर १०, भिलाई
१० फेब्रुवारी

वसू,

तुझं काहीच उत्तर नाही. नसू दे. मी लिहीत राहते, जीएम साहेबांची खबर तुला देणं हे आता माझं कामच आहे.

सातशे नव्वद ग्रॅम! यांनी काट्यावर आकडा पाहून तिला सलाम ठोकला. टाके निघाले. कूलर लहान पडायला लागला म्हणून यांनी आणि केवलरामने सगळा मागचा व्हरांडा हिरव्या जाळीने बंद केला, आत दोन आडव्या फांद्या बांधल्या. ती या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारते. मध्येच पंख पुरा उघडते, तेव्हा व्हरांडा भरून जातो.

आमचं आता वेळापत्रक झालं आहे. सकाळी आंघोळ, देवपूजा, आमचा चहा. मग मी जुनं लुगडं नेसते, अंगणातल्या पाटावर तिचं कापते, तिला देते, पाट घासते, पुन्हा आंघोळ. थंडीत दोनदा आंघोळ म्हणजे काय ते मला विचार. पहिले काही दिवस वाटायचं, देव काय म्हणेल. आपण लहानपणापासून ऐकतो ना, स्वामींनी मांडीखाली सशाला आसरा दिला, शिकारी हात जोडून परत गेले. पण शिकारीच पंख मोडून मांडीवर आला तर काय करायचं, ते कोणी सांगितलं नव्हतं. एके दिवशी मी हे तुझ्या भाऊजींना विचारलं. ते जाळीला गाठ मारत होते. म्हणाले, "तुले खायचं नाही, तू नको खाऊ. तिले खायचं आहे, तिले देऊन टाक. याच्यात देवाले मधात कायले आणते?" चाळीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एवढं सलग बोलला नव्हता.

मी सुखात आहे, वसू, हे तुला सांगायलाही संकोच वाटतो. सत्संगातल्या बायांना मी आपण होऊन सांगितलं की गोलूकडे जाते. दोघी माझ्या हातचं पाणी घेत नाहीत आता. एक मात्र रोज घार बघायला येते आणि येताना तिच्या शेजाऱ्यांकडून कोंबडीच्या माना घेऊन येते.

काल क्लबच्या बॅडमिंटन हॉलमध्ये उडायची परीक्षा झाली. दारं-खिडक्या बंद केल्या, डॉक्टरीणबाईंनी हात मोकळे केले. वसू, ती उडाली! एक फेरी, दोन फेऱ्या, आणि जाऊन बसली थेट छताच्या लोखंडी कैचीवर. ती काही खाली येईना. आम्ही कलेजी दाखवली, हाका मारल्या. बॅडमिंटनवाले रॅकेट घेऊन बाहेर ताटकळत उभे. तीन तास! हे वर बघून बघून मान दुखवून घेत म्हणाले, "आता क्रेनच मांगवा लागते." शेवटी भूक लागली तेव्हा साहेब स्वतःच उतरले.

डॉक्टरीणबाई म्हणतात, आणखी दोन आठवड्यांत सोडू. माझ्या मनात एक आलं आहे. सोडायच्या दिवशी तू आणि उर्वी इथे असाव्यात. उर्वीला पाखरांचं वेड होतं, आजारपणात खिडकीशी बसून कावळे मोजायची. घारीला बघायला तरी या. मला बघायला नको.

तुझी ताई


सेक्टर १०, भिलाई
२१ फेब्रुवारी

वसू,

तुझं पत्र आलं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, अजून तसंच, मुंग्या पळाल्यासारखं. दारातच उभी राहून वाचलं. मग हे म्हणाले मोठ्याने वाच, म्हणून मोठ्याने वाचायला घेतलं आणि चौथ्या ओळीला थांबले. ती ओळ मी यांना वाचून दाखवली नाही.

"उर्वीची बारावी आहे, पेपर अठरा मार्चला संपतात. ती विचारते, मावशी तोपर्यंत घार ठेवील का, तिला सोडताना पाहायची आहे. बाकी तू हे सगळं मला कशाला लिहितेस? गंज माझा नव्हता, तुझा होता, तू फेकलास. ज्या पोरीच्या हातातलं काढून घेतलंस तिला लिही."

बरोबर आहे तुझं. चार पत्रांत मी गंजावरच थांबले. पुढचं मी लिहिलं नव्हतं, तुला आठवत नसेल अशा आशेवर. तुला का नाही आठवणार?

तिला वेगळं पत्र लिहिते. घारीचं डॉक्टरीणबाईंना विचारते.

ताई


सेक्टर १०, भिलाई
२७ फेब्रुवारी

चि. उर्वी,

दंडवत. अभ्यास चालू असेल तर हे पत्र बाजूला ठेव, पेपर झाल्यावर वाच. काही नासणारं यात नाही.

तू घारीला अठरा मार्चपर्यंत ठेवायला सांगितलं होतंस. मी नाही ठेवली. आज सकाळी सोडली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुला ठरवता येईल.

मला ठेवायची होती गं. तू तीन वर्षांत पहिल्यांदा काही मागितलंस आणि ते माझ्या हातात होतं. नुसती जाळी उघडायची नाही, एवढंच. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, तीन आठवड्यांनी काय बिघडतं? त्यांनी मला घारीची शेपटी दाखवली. जाळीवर घासून घासून दोन पिसांची टोकं मोडली होती. म्हणाल्या, "आजी, हे घारीइचे घरटे बांधायचे दिवस आहेत. अन् ही तुमाले पाहून आता घाबरत नाही. अजून ठेवाल तर राहीन, पण मग सोडता येनार नाही." मी म्हटलं, माझ्या भाचीला बघायची आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही ठरवा.

दोन दिवस ठरवत होते. तुझ्या मावसाजींनी सांगितलं, "पोरीले बोलाव, नाई तर फोनवर व्हिडिओ करून पाठव." पण खरी गोष्ट व्हिडिओची नव्हती. खरी गोष्ट अशी, की ती घार दाखवून मला तुला घरी आणायचं होतं. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून दुसऱ्याला अडकवून ठेवायचं होतं. हे मी आधी एकदा केलं आहे, आणि तेव्हा समोर तू होतीस.

उर्वी, त्या दिवशी सकाळी तू स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसली होतीस. तुझ्या हातात अर्धं अंडं होतं. अर्धं तू खाल्लं होतंस. मी तुझ्या आईशी भांडत होते आणि तू भराभर चावत होतीस, भांडण वाढायच्या आत संपवावं म्हणून. मी वाकून तुझ्या हातातून ते काढून घेतलं. तू सोडत नव्हतीस. तुझी बोटं इतकी बारीक झाली होती, मी एकेक करून उघडली. मग तू म्हणालीस, "मावशी, हे ठरतं."

मी ते गंजाबरोबर रस्त्यावर फेकलं.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तुझ्या मावसाजींना आज सकाळी सांगितलं. ते म्हणाले, "हे तिले लिव."

मी तुझी माफी मागते. मोठ्यांनी लहानांची मागायची पद्धत आपल्यात नाही, पण भुकेल्या पोरीच्या हातातला घास काढायचीही नव्हती. तुझी आई आठ दिवस माझ्यापासून लपून उठत होती, तिला तसं उठावं लागलं, हीसुद्धा माझीच चूक. तू बरी झालीस ते तिच्यामुळे, डॉक्टरांमुळे आणि त्या अंड्यांमुळे. माझ्या लाडवांमुळे नाही.

आता घारीचं सांगते, तो हक्क तुझा आहे.

सकाळी ऊन चढल्यावर आम्ही तिला मागच्या मैदानात नेलं. वनविभागाचा माणूस, डॉक्टरीणबाई, केवलराम, आणि दुकान उघडायच्या आधी मिशांना तेल लावून आलेला गोलू. मावसाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, साहेब रिटायर होत आहेत म्हणाले. त्यांनीच खोका उघडला. ती बाहेर आली आणि गवतात बसून राहिली. आमच्याकडे पाहिलं नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. केवलराम म्हणाला, उडणार नाही. मग वारा आला. तिने पंख उघडले, दोनदा मारले, तिसऱ्यांदा मारायची गरज पडली नाही, वाऱ्यानेच उचलली. क्वार्टरांच्या वर, कडुलिंबाच्या वर, मग पाण्याच्या टाकीच्याही वर. तिथे आधीच पाच-सहा घारी फिरत होत्या. थोड्या वेळाने त्यांतली आपली कोणती, ते मला सांगता येईना.

मला वाटलं होतं मी रडेन. नाही रडले. सगळे चहा प्यायला आमच्याकडे आले, गोलूसुद्धा आला. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याने दोन कप चहा घेतला आणि सत्संगातली कोणी बाई दारावरून गेली की तो कप खाली ठेवायचा. मी म्हटलं, गोलू भैया, आरामात पी.

घारीने माझे उपकार मानले नाहीत, आणि ते मला फार आवडलं. तिने मानायला उपकार होतेच कुठे? आठ दिवस मीच तिला उपाशी ठेवली होती. तुलाही काही मानायचं नाही. माफ करायलाच हवं असंही नाही. राग असेल तर ठेव, तो तुझ्या हक्काचा आहे, तो मी तुझ्या हातातून काढून घेणार नाही.

पण एक विचारते. अठरा मार्चला पेपर संपतील. तुमसरहून गाडी सकाळची आहे, दुपारपर्यंत दुर्ग. मावसाजी स्टेशनवर येतील. तुला दाखवायला आता माझ्याकडे घार नाही. नुसती मीच आहे. तरी येशील का?

तुझी मावशी,
सरला